कंपनी म्हणजे नेमके कोण?

पवनेच्या काठच्या पिंपळे गुरवमध्ये सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही चौकात अर्धा तास काढला, तर ‘कंपनी’ हा शब्द किमान पाच-सहा निरनिराळ्या अर्थांनी कानावर पडतो. कोणी ‘कंपनीची गाडी गेली का’ असे विचारतो. तेथे कंपनी म्हणजे कारखाना. दुसरा ‘कंपनी सुटल्यावर भेटू’ म्हणतो. तेथे कंपनी म्हणजे पाळी. गॅरेजवाला गिऱ्हाइकाला विचारतो, ‘कंपनीचा पार्ट टाकू की लोकल?’, तेथे कंपनी म्हणजे अस्सलपणाची हमी. टपरीवर एक मित्र दुसऱ्याला चहापुरती ‘कंपनी’ देतो, म्हणजे केवळ सोबत करतो. मुलाला वाईट ‘कंपनी’ लागली, ही आईची तक्रार संगतीविषयी असते, तर सुट्टीत धुडगूस घालणारी ‘बच्चेकंपनी’ हा नुसता समुदाय असतो. गावात तंग वातावरण असेल तर राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन ‘कंपन्या’ तैनात झाल्याचे वर्तमानपत्र सांगते. आणि लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कंपनीत आहे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या तीन शब्दांत दरमहाचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, दिवाळीचा बोनस आणि उद्याची निश्चिंती एवढे सारे गृहीत धरलेले असते.

एका परक्या शब्दाने मराठीत इतके संसार थाटावेत, यात वावगे काही नाही. आपल्याच ‘मंडळी’ या शब्दाकडे पाहिले तरी हे दिसते. नाटक मंडळी, मित्रमंडळी, घरची मंडळी असा तो सर्वत्र संचार करतो आणि संदर्भाने त्याचा अर्थ कोणालाही कळतो. चहापुरत्या सोबतीला कंपनी म्हटल्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ज्या शब्दावर माणसाची रोजी, त्याची पेन्शन आणि अपघातानंतरची त्याच्या कुटुंबाची भरपाई अवलंबून असते, तो शब्द संदिग्ध राहिला, तर त्या संदिग्धतेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

भाकरीचे सोबती

या शब्दाचे मूळ मोठे उद्बोधक आहे. लॅटिनमध्ये ‘कम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते ‘कंपॅनियन’, आणि अशांचा समुदाय ती ‘कंपनी’. मराठीतला ‘पाव’ पोर्तुगीजांकरवी याच ‘पानिस’पासून आला. म्हणजे बेकरीतला पाव आणि भोसरीतली कंपनी हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. आपल्याकडे ज्याला पंगत म्हणतात, त्या कल्पनेच्या अगदी निकटचा हा शब्द आहे.

महाराष्ट्राला मात्र त्याची पहिली ओळख पंगतीतून झाली नाही. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणीने सनद दिलेली ईस्ट इंडिया कंपनी ही मराठी माणसाने पाहिलेली पहिली कंपनी. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट या कंपनीला वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. पुढे मोडी कागदपत्रांत तिला ‘कुंपणी’ हे नाव मिळाले. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हीच कुंपणी दख्खनची ‘सरकार’ झाली. व्यापारासाठी भांडवल गोळा करणाऱ्या भागीदारांची एक संस्था सैन्य बाळगू लागली, सारा वसूल करू लागली आणि न्यायदानही करू लागली. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून मोठे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. १८५८ मध्ये तिच्याकडून राज्यकारभार काढून घेण्यात आला आणि १८७४ साली ती विसर्जित झाली. शब्दाची दहशत मात्र मागे राहिली. ‘कंपनी’ म्हणजे कोणी तरी दूरचा, चेहरा नसलेला, पण सर्वशक्तिमान धनी, हा अर्थ मराठी मनात तेव्हापासून रुजला आहे.

या भीतिदायक शब्दाला घरगुती केले ते नाटकवाल्यांनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या संस्थेचे अधिकृत नाव किर्लोस्कर नाटक मंडळी. लोकांच्या तोंडी ती ‘नाटक कंपनी’. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत काढलेली गंधर्व नाटक मंडळीही ‘गंधर्व कंपनी’ म्हणूनच ओळखली गेली. गावोगाव फिरणाऱ्या या कंपन्यांचे एक बिऱ्हाड असे, एक स्वयंपाकघर असे आणि नटापासून पडदेवाल्यापर्यंत सारे तेथे जेवत. पंगतीत मानाचे पाट वेगळे असतील, पगारात तफावत असेल, परंतु कोण कंपनीचा आणि कोण बाहेरचा, याविषयी संदेह नसे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी याच परंपरेतली. मूळ लॅटिन शब्दाला महाराष्ट्रात खरा न्याय मिळाला असेल तर तो या बिऱ्हाडांतच.

कायद्याने निर्माण केलेला माणूस

अर्थशास्त्र आणि कायदा यांचा ‘कंपनी’ शब्द याहून निराळा आहे. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला आणि १८५७ मध्ये भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्याचे तत्त्व मान्य झाले. कंपनी बुडाली तर भागधारकाने गुंतवलेले तेवढे बुडेल, त्याच्या घरादारावर टाच येणार नाही, असा हा करार. या एका सवलतीने हजारो लहान बचती मोठ्या भांडवलात एकत्र आणणे शक्य झाले. आधुनिक कारखानदारीचा पाया यंत्राइतकाच या कल्पनेनेही घातला आहे.

१८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात निर्वाळा दिला की, कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी अशी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. ती मालमत्ता बाळगते, दावा लावते, कर्ज काढते. मात्र तिला भूक लागत नाही आणि तिचे बोट यंत्रात सापडत नाही. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने तर याच तत्त्वाच्या बळावर ‘एक व्यक्ती कंपनी’ही मान्य केली. सोबतीसाठी जन्मलेला शब्द एकट्यालाही लागू झाला, ही त्याच्या प्रवासातली गमतीदार परिणती म्हणावी लागेल.

या व्याख्येची फूटपट्टी लावली तर औद्योगिक पट्ट्यातल्या पुष्कळशा ‘कंपन्या’ कंपन्या ठरत नाहीत. नावाच्या शेवटी ‘अँड कंपनी’ लावणारी पेढी बहुधा १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी असते. भोसरीतल्या गाळ्यात दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन टाकून सात-आठ माणसांकडून काम करून घेणारा उद्योजक हा एकटा मालक असतो. त्याच्याकडे काम करणारा तरुण घरी ‘कंपनीत लागलो’ असेच सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्या बोलीत कारखान्याला दुसरा शब्दच उरलेला नाही. पण भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणतः वीस माणसांपासून आणि कर्मचारी राज्य विमा योजना दहा माणसांपासून लागू होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शब्द तोच, पण त्यामागची सुरक्षितता नाही.

टेल्को, बजाज आणि नंतर

या परिसरात ‘कंपनी’ शब्दाला सोन्याचे मोल आले, त्याला कारण आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को व बजाज ऑटो यांचे कारखाने या माळरानावर उभे राहिले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. शेतकऱ्याचा, गिरणीच्या बदली कामगाराचा, दुष्काळी तालुक्यातल्या भूमिहीनाचा मुलगा या कारखान्यांत शिरला आणि एका पिढीत त्याचे घर मध्यमवर्गात आले. त्या पिढीच्या तोंडी ‘कंपनीत आहे’ याचा अर्थ एकच होता: कंपनीच्या हजेरीपटावर नाव आहे. टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले तरी जुनी माणसे अजून ‘टेल्को’च म्हणतात, यात केवळ सवय नाही, त्या नावावर संसार उभे राहिल्याची कृतज्ञताही आहे.

पुढे औद्योगिक पट्टा चाकणकडे सरकला. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ इतरही आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांचे जाळे विस्तारले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले तरुण या कारखान्यांच्या आधाराने शहराच्या उपनगरांत खोल्या घेऊन राहतात. विजेच्या खांबांवर ‘कंपनीत मुले पाहिजेत, दहावी, बारावी, आयटीआय, बस व कॅन्टीन मोफत’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. जाहिरातीत ठळक असते ते कंपनीचे नाव. प्रत्यक्ष नेमणूक करणाऱ्या ठेकेदाराचे नाव नसते, किंवा असले तर केवळ मोबाइल क्रमांकाच्या रूपाने असते.

ज्या तरुणाला अशा रीतीने काम मिळते, तो कंपनीच्या बसने जातो, कंपनीच्या गणवेशात उभा राहतो, कंपनीच्या साहेबाचे हुकूम पाळतो आणि कंपनीचे नाव कोरलेला भाग तयार करतो. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र त्याने कधी न पाहिलेल्या तिसऱ्याच पेढीचे नाव असते. कामगारांच्या बोलीने हा भेद अचूक टिपला आहे. ‘कंपनी पेरोलवर की ठेक्यावर?’ हा प्रश्न आता खोलीमालक विचारतो, बँकेतला कर्ज देणारा कारकून विचारतो आणि मुलीचा बापही विचारतो. एकाच पट्ट्यावर समोरासमोर उभे राहून एकच बोल्ट आवळणाऱ्या दोघांपैकी एकाच्या विवाहाची बोलणी पुढे जातात आणि दुसऱ्याची अडतात.

गॅरेजवाल्याच्या प्रश्नाकडे या प्रकाशात पुन्हा पाहिले पाहिजे. ‘कंपनीचा पार्ट’ म्हणजे ज्याच्यामागे कोणी तरी जबाबदार उभा आहे असा भाग. तो पुष्कळदा मूळ कारखान्यात बनलेलाच नसतो. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या पुरवठादाराने तो बनवलेला असतो. तरीही एकदा शिक्का बसला की त्याची हमी कंपनी घेते, तो सदोष निघाला तर बदलून देते. पुरवठादाराकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाची बोळवण करणे बाजारात चालत नाही. मग प्रश्न असा की, बाहेर बनलेला सुटा भाग जर ‘कंपनीचा’ होऊ शकतो, तर आत येऊन तो बसवणारा माणूस ‘बाहेरचा’ का राहावा?

कायदा काय म्हणतो

कायद्याने या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने, ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही ठेकेदाराच्या माणसाला कामावर इजा झाल्यास मूळ मालकाकडून भरपाई मागण्याची तरतूद होती. त्याने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असा क्रम होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कामगार’च होता. म्हणजे वेतन, इजा आणि सुरक्षितता यांपुरती कायद्याने कंपनीची सीमा रुंद आखली.

नोकरीच्या शाश्वतीबाबत मात्र ही सीमा अरुंद झाली. कंत्राटी पद्धतीवर सरकारने बंदी घातली म्हणून त्या कामगारांना आपोआप मूळ कंपनीच्या नोकरीत घेतलेच पाहिजे असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात दिला आणि आधीचा उलट निकाल रद्द ठरवला. कंत्राट केवळ दिखाऊ आहे असे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी; पण ते सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याकडे ओळखपत्राखेरीज दुसरा कागद नाही अशा माणसाच्या शिरावर येते. शिवाय औद्योगिक विवाद कायद्याने वर्षातले २४० दिवस भरले की नोकरी सलग मानली, तेव्हा ते दिवस भरण्यापूर्वीच ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. ‘ब्रेक’ म्हणजे विश्रांती असा अर्थ शब्दकोशात असेल. या पट्ट्यातल्या तरुणाला त्या शब्दाचा अर्थ बेकारी असा शिकावा लागला.

हे जुने कायदे २०२० पर्यंत संसदेने संमत केलेल्या चार श्रमसंहितांत सामावले गेले आणि केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आणल्या. त्यांच्या इतर तरतुदींविषयी कामगार संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत आणि त्यांची चर्चा झालीच पाहिजे. तथापि त्यात एक तरतूद प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु ज्या ठिकाणी आपला मालक कोण हेच कामगाराला ठाऊक नसते, तेथे एका कागदाचे मोल फार मोठे असते.

आक्षेप आणि उत्तर

कारखानदारांची बाजू अशी की, मागणी वर्षभर सारखी नसते. सणासुदीला वाहने खपतात, मंदीत पट्टे थांबतात. सर्वांनाच कायम केले तर कारखाना टिकणार नाही आणि मग कोणालाच काम मिळणार नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. पण तो फार तर तात्पुरत्या नेमणुकीचे समर्थन करतो. नेमणूक कोणी केली हे झाकून ठेवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. शिवाय मंदीचा धोका अंगावर घेण्यासाठीच तर भांडवलाला नफा आणि मर्यादित जबाबदारीची सवलत मिळते. ती सवलत कायम ठेवून धोका मात्र ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याच्याकडे ढकलणे, हा हिशेब अर्थशास्त्राच्याही कसोटीला उतरणारा नाही.

दुसरे म्हणणे भाषाप्रेमींचे. परका शब्द टाकून द्यावा आणि शुद्ध मराठी प्रतिशब्द घ्यावा, म्हणजे गोंधळ मिटेल, असे त्यांना वाटते. परंतु रोग शब्दाच्या परकेपणात नाही. ‘कारखाना’ फारसीतून आला, ‘मालक’ अरबीतून, आणि दोन्ही आज अस्सल मराठी आहेत. ठेकेदाराच्या माणसाला ‘प्रमंडळ-सेवक’ म्हटल्याने त्याला भरपाई अधिक मिळणार नाही. शब्द बदलण्यापेक्षा, वापरणाऱ्याला त्याचा अर्थ स्पष्ट करावयास लावणे अधिक उपयोगाचे आहे.

उपाय हाताशी आहेत

त्यासाठी मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. नेमणूकपत्र मराठीत असावे, आणि नेमणूक करणाऱ्याचे नाव, मूळ कंपनीचे नाव, नोकरीची मुदत आणि वेतन या चार गोष्टी त्याच्या पहिल्याच पानावर याव्यात. भरतीच्या जाहिरातीत ठेकेदाराचे पूर्ण नाव व पत्ता नसेल तर ती जाहिरात बेकायदा ठरवावी. कारखान्याच्या दारावर कंपनीच्या नावाच्या पाटीइतक्याच ठळक अक्षरांत तेथे काम करणाऱ्या ठेकेदारांची यादी लावावी. पगाराच्या चिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक आणि त्या महिन्याचा भरणा नोंदवावा.

शिक्षणसंस्थांवरही एक जबाबदारी येते. आयटीआयमध्ये मायक्रोमीटर वाचायला शिकवतात, वाणिज्य शाखेत कंपनी कायद्याची कलमे घोकून घेतात. पण पगाराची चिठ्ठी कशी वाचावी हे दोन्हीकडे शिकवले जात नाही. बारावीनंतर पहिल्यांदा ‘कंपनीत’ जाणाऱ्या मुलाला एक तास पुरेल. त्या तासात त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवावे: पगार कोणाच्या खात्यातून येणार, अपघात झाला तर कोणाकडे जायचे, आणि काम संपले असे कोण सांगणार? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर तो खऱ्या अर्थाने कंपनीत आहे. तीन निरनिराळी उत्तरे आली, तर त्याने सही करण्यापूर्वी थांबून विचार करावा.

अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह असलेच पाहिजे, असा नियम १९४८ च्या कायद्याने घातला होता. त्या उपाहारगृहांत कायम आणि कंत्राटी असे दोन्ही कामगार रोज जेवतात. काही ठिकाणी एका टेबलावर, काही ठिकाणी वेगळ्या रांगेत. ‘कंपनी’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना कधी कोणी सांगितला नाही, तेही त्या जागी तो अर्थ दिवसातून अर्धा तास जगत असतात. उरलेल्या साडेसात तासांत आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो अर्थ का टिकू नये, याचे उत्तर कारखानदारांनी, सरकारने आणि लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा कंपनीत आहे ना?’ असे विचारणाऱ्या समाजानेही द्यावयाचे आहे.